‘देश कोथाय?’ : चांद्याच्या जंगलातील बंगाली शेजारी

इतिहास म्हटला की आमच्या भागातील माणसाला गोंड राजांचा परकोट आठवतो, महाकालीचे देऊळ आठवते, फार तर १८५८ साली चांद्याला फाशी गेलेले बाबुराव शेडमाके आठवतात. ते योग्यच आहे. परंतु बाजारात ज्याच्याकडून आपण मासळी घेतो, ज्याच्या शेजारी बसून यष्टीने प्रवास करतो, त्याच्याही पाठीशी इतिहास उभा असतो. तो विचारण्याची आपल्याला सवय नाही, एवढेच.

आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, शिळी वर्तमानपत्रे आणि मागून आणलेली पुस्तके वाचून झाले. बांबू तोडणाऱ्या मजुरांची वर्गणी गोळा करीत आम्ही पहिल्यांदा घोट-मुलचेऱ्याच्या बाजूला गेलो, तेव्हा एका बंगाली म्हाताऱ्याने आम्हांला खाटेवर बसवले आणि विचारले, ‘‘देश कोथाय?’’ आम्ही छाती काढून म्हणालो, ‘‘भारत.’’ अंगणातली सगळी माणसे हसली. बंगालीत अशा वेळी ‘देश’ म्हणजे बापजाद्यांचे गाव, मूळ जिल्हा, हे आम्हांला मागाहून कळले. चूक सुधारून आम्ही ‘बल्लारपूर’ म्हणालो, तेव्हा म्हाताऱ्याने आपला देश सांगितला : बरिसाल. त्या वेळी त्याला आमच्या जिल्ह्यात येऊन पंचवीस वर्षे होऊन गेली होती.

बरिसालचा शेतकरी दिना नदीच्या खोऱ्यात कसा आला? १९४७ च्या फाळणीत पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला. पैसा व ओळखी असलेले हिंदू लवकर कलकत्त्याला निघून आले. मागे राहिले ते जमिनीला चिकटलेले : नमःशूद्र शेतकरी, कोळी, सुतार. १९५० च्या दंगलींनी त्यांच्यातले पुष्कळ उठले, १९६४ च्या दंगलींनी आणखी उठले. पश्चिम बंगालच्या सरकारने ‘आता आमच्याकडे जागा नाही’ म्हणून हात वर केले. मग केंद्र सरकारने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प काढला आणि ओरिसातील कोरापुट-कालाहंडीत व बस्तरमध्ये वसाहती उभारल्या. रायपूरजवळच्या माना छावणीत माणसे उतरवायची आणि तेथून रानावनांत वाटून द्यायची, असा तो क्रम होता. त्याच लाटेत काही हजार माणसे त्या वेळच्या चांदा आणि भंडारा जिल्ह्यांत आली. आज त्यांची गावे चामोर्शी-मुलचेऱ्याकडे आणि गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावकडे आहेत. विवेकानंदपूर, सुंदरनगर, शांतिग्राम ही नावे ऐकली की वाटते, सागाच्या जंगलात बंगालचा नकाशा कोणी अंथरला!

परदेशात हौसेने घर करणारी माणसे असतात. ती हवा पाहतात, किंमत पाहतात, न आवडल्यास परत जातात. यांना हवा कोणी विचारली नाही. जिथे वर्षातले चार महिने होडीशिवाय शेजाऱ्याकडे जाता येत नाही, तिथली माणसे मुरमाड जमिनीवर आणून सोडली. दंडकारण्य प्रकल्पाचे अध्यक्ष शैवालकुमार गुप्त यांनी १९६४ मध्ये पद सोडले आणि पुढच्याच वर्षी लेख लिहून तिथली जमीन किती निकस आहे हे उघड सांगितले. १९७८ मध्ये दंडकारण्यातील हजारो निर्वासित सुंदरबनातील मरिचझापी बेटावर निघून गेले. १९७९ च्या मे महिन्यात त्यांना तेथूनही हुसकावून लावण्यात आले. आमच्याकडचे बहुतेक जागीच राहिले. त्याचे एक कारण भात हे असावे, असे आम्हांला वाटते. आमचाही मुलूख धानाचाच. बांधी, चिखल, रोवणा हे सगळे त्यांना ओळखीचे होते.

पण ओळखीतही फरक निघाला. आमच्याकडे रोवणा बायांचा; त्यांच्याकडे पुरुषही चिखलात उभे राहून रोवतात. पहिल्या वर्षी बांधावरून जाणाऱ्या गोंड बाया तोंडाला पदर लावून हसल्या, असे तेथील म्हाताऱ्या अजून सांगतात. घर बांधताना त्यांनी अंगणाशेजारी खड्डा खणला, त्याच मातीचा उंच ओटा केला आणि खड्ड्यात मासे सोडले. ते त्याला ‘पुकुर’ म्हणतात, आम्ही ‘बोडी’. पूर न येणाऱ्या गावात एवढा उंच ओटा कशासाठी, असे कोणी विचारले की ते हसतात. हाताला लागलेले वळण एका पिढीत जात नाही. सुकवलेल्या माशाला ते ‘शुटकी’ म्हणतात, आपण ‘सुकसी’. मैत्रीची पहिली देवघेव या सुकसीवरच झाली. मोहफुले आणि चारोळी इकडून गेली, केळी आणि भाजीपाला तिकडून आला. बाजाराच्या दिवशी एकाच फळीवर तीन भाषांत भाव होत : गोंडी, मराठी आणि बंगाली.

छत्तीसगडी लोकांत मितान बांधण्याची रीत आहे. दोन परजातीची माणसे विधीपूर्वक मित्र होतात आणि मग दोन्ही घरे सोयरी मानली जातात. आमच्या युनियनमध्ये एक गोंड आणि एक बंगाली असे दोन गडी होते. विधी झाला नव्हता, पण बंगाल्याच्या बापाच्या श्राद्धाला गोंडाने तांदूळ नेले आणि गोंडाच्या पोरीच्या लग्नात बंगाल्याने बोडीतली मासळी उपसून दिली. एकदा मजुरीवरून काम बंद पडले, तेव्हा ठेकेदाराने बंगाल्याला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘तू बाहेरचा, तू कशाला यात पडतोस?’’ त्याने हे भर सभेत सांगितले. गोंड गडी उठून म्हणाला, ‘‘कुऱ्हाड त्याच्या हातात आहे तोवर तो आतलाच.’’ इतके नेमके आम्हांला पन्नास भाषणांत बोलता आले नसते.

तरी गोड बोलून कडू गोष्ट झाकू नये. ज्या रानावर या वसाहती बसल्या, ते रिकामे नव्हते. गोंड-माडिया त्यातच मोहफूल वेचत होते, गुरे चारत होते. निर्वासिताला सरकारने जमीन मोजून दिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासीला त्याच सरकारने अतिक्रमक म्हटले. त्याला २००६ च्या वनहक्क कायद्याची वाट पाहावी लागली. धानोरा तालुक्यातील लेखामेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्ये, आणि स्वतःचा बांबू स्वतः विकता आला तो २०११ मध्ये. आदिवासीच्या मनात सल राहिला तर तो खोटा नाही. मात्र त्याचे माप बरिसालच्या शेतकऱ्याच्या पदरात घालणे अन्याय आहे. जमीन वाटणारा हात दोघांचाही नव्हता.

आणि त्या शेतकऱ्याचे आपल्यावर एक ऋण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९४६ साली घटना समितीची निवडणूक झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबई प्रांतातून वाट मिळाली नाही. ते निवडून आले बंगालच्या विधिमंडळातून. त्यासाठी झटले ते बरिसालचे नमःशूद्र पुढारी जोगेंद्रनाथ मंडल, जे पुढे पाकिस्तानचे पहिले कायदा व मजूर मंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. फाळणीने ती जागा गेली आणि बाबासाहेब १९४७ मध्ये मुंबईहून पुन्हा निवडून आले. पण समितीचे दार प्रथम उघडले ते बंगालने. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, चांद्यातही बाबासाहेबांच्या हस्ते दीक्षा झाली, याचा आपल्या शहराला रास्त अभिमान आहे. त्याच शहराच्या जिल्ह्यात मंडलांचे जातभाई काही वर्षांनी गाठोडी घेऊन उतरले.

पुढची गोष्ट ऐका. अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. नमःशूद्र पश्चिम बंगालच्या यादीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. सरकारनेच ज्यांना राज्याची सीमा ओलांडायला लावली, त्यांची जात सीमेवरच उतरवून घेतली गेली. आमच्या एका सोबत्याच्या मुलीसाठी आम्ही दाखल्याकरिता एका कचेरीत तीन खेपा घातल्या. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने यादी आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, ‘‘तुम्हीच शोधा.’’ आम्ही वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. ती पोर गप्प उभी होती. ही मागणी त्या लोकांनी अनेक वर्षे लावून धरली आहे. पण आपल्या सभांतून, आपल्या ठरावांतून ती क्वचितच ऐकू आली. त्यात आमच्या युनियनचाही दोष आहे. मजुरी मागताना आम्ही त्यांना आपले म्हटले, दाखला मागताना ते एकटे होते.

बरिसालचा तो म्हातारा आता नाही. परतताना त्याच्या नातीला आम्ही त्याचाच प्रश्न त्याच्याच भाषेत विचारला होता. ती बांधावरून रोप घेऊन चालली होती. क्षणभर तिला कळेना. मग झाडीच्या मराठीत ती म्हणाली, ‘‘आमी इथलेच तं आवो.’’ तिला जे साधे वाटले, ते कागदावर उतरवून देणे तेवढे आपल्याकडे बाकी आहे.