बेने इस्राएल घराण्यांचें आगमन व त्यांचीं 'कर'अंत आडनांवें

कोंकणांतील बेने इस्राएल लोकांच्या मूळाविषयींची परंपरा जिज्ञासूंस परिचित आहेच. अलिबागेच्या उत्तरेस थळजवळ नवगांव म्हणून गांव आहे. तेथें समुद्रांत गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या व त्यांपासून पुढील सर्व वंश वाढला, असें हे लोक सांगत आले. बुडालेल्यांस जेथें पुरलें त्या जागा अद्यापि दाखविण्यांत येतात. हाइम सामुएल केहीमकर यांनीं १८९७ सालीं लिहून पुरा केलेल्या व १९३७ सालीं तेल अवीव येथें छापून निघालेल्या इंग्रजी इतिहासांत हें आगमन ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराचें धरिलें आहे. त्यास समकालीन लेखाचा आधार नाहीं. शिवाय चित्पावनांच्या उत्पत्तिकथेंतही समुद्रांतून वाहत आलेलीं चौदाच प्रेतें आहेत, हें ध्यानांत घेतां या चौदा संख्येवर फारसा भार देववत नाहीं.

ही उणीव आडनांवांनीं भरून काढण्याचा मोह पुष्कळांस होतो. केहीमकर, आवासकर, झिराडकर, नवगांवकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर हीं नांवें पाहावीं. किहीम, आवास, झिराड, चौल हे सर्व गांव नवगांवच्या आसपासचे. पेण, रोहें व अष्टमी हीं थोडीं आंत. तेव्हां नवगांवीं उतरलेले लोक येथून पसरले, याचा हा नकाशाच होय, असें प्रतिपादन केलें जातें. आमच्या मतें यांत दोन निरनिराळीं स्थलांतरें एकत्र कालविलीं जात आहेत.

किहीमांत राहणाऱ्यास किहीमांतच 'किहीमकर' म्हणण्याचें प्रयोजन काय? गांवाचा वतनदार असेल तर गोष्ट वेगळी. परंतु हे लोक बहुतेक तेल गाळणारे होते. असें नांव माणूस गांव सोडून परस्थळीं गेला म्हणजे तेथील लोक त्यास देतात. म्हणजे 'कर'अंत आडनांव पूर्वज कोठें उतरला हें सांगत नाहीं. तो कोठून निघाला, तेवढेंच सांगतें.

दिवेकर घराण्याचें उदाहरण या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. मुंबईंत प्रथम येऊन राहिलेलें बेने इस्राएल घराणें हेंच, व तें १७४६ सालीं आलें, असें सांगतात. याच घराण्यांतील सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या फौजेंत कमांडंट होते. टिपूच्या कैदेंतून सुटून आल्यावर त्यांनीं १७९६ सालीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. तेथील सामुएल रस्ता त्यांच्याच नांवाचा. दिवें सोडून मुंबईस आल्यावरच 'दिवेकर' या नांवास अर्थ आला. मात्र दिवें या नांवाचें गांव एकच नाहीं, आणि शिवभारताचे संपादक सदाशिव महादेव दिवेकर यांचें आडनांवही तेंच! आडनांवावरून ज्ञाति ठरवूं पाहणाऱ्यांनीं एवढें एक उदाहरण जवळ ठेवावें.

खरा पुरावा आडनांवांत नसून पाळण्यांतील नांवांत आहे. सामाजी म्हणजे सामुएल, हसाजी म्हणजे यहेझ्केल. तसेंच अबाजी हा अब्राहाम व बेनाजी हा बिन्यामीन होय. शास्त्रग्रंथ गेले, भाषा गेली, पण मराठी 'जी' लावून हीं नांवें टिकलीं. शनिवारीं घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांस शेजारी 'शनवार तेली' म्हणत. त्यामुळें जुन्या कागदांत 'इस्राएल' हा शब्द धुंडाळणारा बहुधा रिकाम्या हातीं परततो. त्यानें तेल्यांच्या नोंदींतील नांवें वाचलीं पाहिजेत. युरोपियन लेखांत यांचा उल्लेख सार्टोरियस या डॅनिश मिशनच्या पाद्र्यानें १७३८ सालीं केला. सुरत व राजापूर येथें असे लोक असून 'शेमा'पलीकडे त्यांस धर्मग्रंथांची माहिती नाहीं, असें त्यानें ऐकिलें होतें.

आगमनाच्या काळाविषयीं आतां एक नवें साधन हातीं आलें आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें या लोकांत पश्चिम आशियांतील यहुदी व स्थानिक भारतीय असे दोन्हीही अंश भरपूर असल्याचें दाखविलें. पुरुषपक्षीं यहुदी व स्त्रीपक्षीं स्थानिक अंश अधिक असून हें मिश्रण सुमारें १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं, म्हणजे ६५० ते १०५० वर्षांमागें झालें, असें त्यांत अनुमान आहे. परदेशचें मूळ तर यावरून सिद्धच होतें; पण सात स्त्रियांची कथा जशीच्या तशी घेणें कठीण होतें. हा काळ मिश्रणाचा आहे; गलबत त्यापूर्वीं केव्हांही आलेलें असूं शकेल. केहीमकरांचा सन मात्र यानें सिद्ध होत नाहीं.

१९४८ नंतर या समाजाचा फार मोठा भाग इस्राएल देशांत जाऊन राहिला. घरें विकलीं गेलीं, आणि घरांबरोबर पेट्यांतील खरेदीखतें, सनदा व वंशावळीही रद्दींत किंवा परदेशीं गेल्या. जें राहिलें तें आतां गांवच्या दप्तरांतच शोधावें लागेल. ज्यांच्या संग्रहीं चौल, अलिबाग, पेण व रोहें या भागांतील तेलघाण्यांवरील कराचे कागद असतील, त्यांनीं त्यांतील अबाजी, सामाजी, हसाजी, बेनाजी या नांवांच्या नोंदी सन व गांवासह उतरून घ्याव्या. आडनांव नसल्यास ती नोंद टाकूं नये, उलट अधिक जपावी.