पळवलेल्या आईचे मूल

फाळणीचा इतिहास सांगताना आपण मृतांचे आणि निर्वासितांचे आकडे सांगतो. त्या दंगलींत पळवलेल्या स्त्रियांना झालेल्या मुलांविषयी मात्र आपण गप्प बसतो.

भारताच्या १९४९ च्या कायद्यात ही मुले आहेत, पण कशी? १ मार्च १९४७ नंतर कुटुंबापासून दुरावलेली आणि परक्यांच्या ताब्यात सापडलेली मुस्लिम स्त्री कायद्याने 'अपहृत' ठरवली. त्यानंतर तिच्या पोटी जन्मलेले मूलही अपहृतच! तिला परत पाठवताना तिची संमती घेण्याची तरतूद नव्हती.

कायद्याने जे विचारले नाही ते कथा-कादंबरीने विचारले. अमृता प्रीतम यांच्या 'पिंजर' (१९५०) या पंजाबी कादंबरीत एक वेडी बाळंत होऊन मरते. रशीदने पळवून आणलेली पूरो आता हमीदा झाली आहे. ती ते बाळ वाढवते. आई हिंदू होती म्हणून गावातले हिंदू बाळ घेऊन जातात आणि ते मरणाला टेकल्यावर परत आणून देतात. त्या वेडीवर अत्याचार करणारा मात्र अनामच राहतो.

जमीला हाशमी यांच्या 'बनवास' या उर्दू कथेतील मुस्लिम नायिका गुरपालच्या घरात आहे. न्यायला सैनिक येतात तेव्हा ती लपते. पुढे मुलगी मुन्नी तिच्या आणि माहेरच्या मध्ये उभी राहते.

'अनौरस' हा शब्द मुलाच्या कपाळी लावून समाजाने गुन्हेगाराला मोकळे सोडले, असे आम्हाला वाटते. फाळणीचा इतिहास लिहिताना या कथांचे प्रश्न सरकारी कागदांपुढे ठेवावेच लागतील.