कुत्र्याला दही : अन्न म्हणून चालेल, औषध म्हणून नव्हे

बुलढाणा - ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा आणि त्यावर दही किंवा ताक, हे जिल्ह्यातील अनेक घरांत आणि शेतांवर राखणीच्या कुत्र्याचे नेहमीचे जेवण. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पोटाला थंडावा मिळावा म्हणून दह्याचे प्रमाण वाढविले जाते. कुत्र्याला जुलाब लागले, तरी पहिला घरगुती उपाय दही-भाताचाच असतो. निरोगी, प्रौढ कुत्र्याला थोडे दही देण्यात सहसा धोका नाही. आजारी पिल्लाला केवळ दह्यावर ठेवणे मात्र त्याच्या जिवावर बेतू शकते.

दूध बाधते, दही का पचते?

दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचविण्यासाठी लॅक्टेज हे विकर लागते. आईचे दूध पिणाऱ्या पिल्लात ते पुरेसे असते. दूध तुटल्यानंतर त्याचे प्रमाण घटत जाते. त्यामुळे अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. विरजण लावल्यावर जिवाणू या शर्करेच्या काही भागाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. म्हणून दही तुलनेने सोसते. तथापि त्यातील लॅक्टोज पूर्णपणे संपत नाही. काही कुत्र्यांना दह्यानेही पोटफुगी, वायू किंवा पातळ शौचाचा त्रास होतो. अशांना दही न देणेच योग्य.

किती द्यावे?

मुख्य जेवणाव्यतिरिक्तच्या खाऊतून दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा अधिक उष्मांक जाऊ नयेत, हा पशुआहारातील सर्वमान्य दंडक आहे. सुमारे १० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. त्या हिशेबाने खाऊचा वाटा ६० कॅलरींचा होतो. गाईच्या दुधाच्या १०० ग्रॅम दह्यात साधारण तेवढ्याच कॅलरी असतात. म्हशीचे दूध अधिक स्निग्ध असल्याने त्याचे दही याहून कमी द्यावे लागते. प्रारंभ एक-दोन चमच्यांनी करावा, दोन-तीन दिवस शौचाकडे लक्ष ठेवावे आणि मगच प्रमाण वाढवावे. साय काढून टाकावी. अतिस्निग्ध पदार्थांमुळे कुत्र्यांत स्वादुपिंडाचा दाह होण्याचा धोका असतो. लठ्ठ कुत्र्यांबाबत विशेष काळजी घ्यावी.

भाकरी-दही म्हणजे पूर्ण आहार नव्हे

दह्यातून कॅल्शियम आणि उत्तम दर्जाची प्रथिने मिळतात. पण १०० ग्रॅम दह्यात प्रथिने जेमतेम तीन ते चार ग्रॅमच असतात. कुत्र्यांच्या आहाराच्या प्रचलित मानकांनुसार, पाण्याचा अंश वगळता प्रौढाच्या अन्नात किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लाच्या अन्नात सुमारे २२ टक्के प्रथिने असावी लागतात. ज्वारीत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असते. ही तूट चमचाभर दह्याने भरून निघत नाही. अंडी, मांस, मासळी किंवा योग्य प्रतीचे तयार खाद्य यांची जोड आवश्यक ठरते. त्यातही पिल्ले आणि व्यालेली कुत्री यांना ही जोड हवीच.

कोणते दही टाळावे?

कुत्र्याला साधे, ताजे, बिनसाखरेचे दहीच द्यावे. कांदा घातलेली कोशिंबीर देऊ नये. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात. मनुका किंवा द्राक्षे घातलेले दही मूत्रपिंडे निकामी करू शकते. श्रीखंडात साखर भरपूर असते आणि अनेकदा जायफळही असते, म्हणून तेही नको. मीठ-मिरची घातलेला मठ्ठा टाळावा. बाजारातील 'शुगर फ्री' दह्यात झायलिटॉल नाही ना, हे वेष्टनावर वाचून पाहावे. या गोडव्याच्या अल्प मात्रेनेही कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरते. बुरशी आलेले दही कुत्र्यापुढे टाकण्याची सवयही सोडावी.

थंडाव्याचा समज

कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. त्यामुळे उन्हाळ्यात त्याला खरी गरज सावलीची, हवेशीर जागेची आणि सतत भरलेल्या पाण्याच्या भांड्याची असते. दही हा त्याला पर्याय नव्हे. सतत धाप, तोंडातून चिकट लाळ, झोक जाणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी काहीही भरवीत न बसता कुत्र्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

गोळी देताना

कडू गोळी दह्यात दडवून देण्याची युक्ती अनेक जण वापरतात. मात्र गोचीडतापावर दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनसह टेट्रासायक्लिन गटातील औषधांचे शोषण दुग्धजन्य पदार्थांमुळे कमी-अधिक घटते. त्यामुळे गोळी कशातून द्यावी, हे पशुवैद्यकांनाच विचारावे.

जुलाबात वेळ दवडू नये

दह्यातील जिवाणू पोट सुधारतात, हा समज सर्वस्वी निराधार नाही. परंतु घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती आहेत, हे निश्चित नसते आणि त्यांतील बरेच जठरातील आम्लात नष्ट होतात. पशुवैद्यक वापरतात त्या जिवाणूयुक्त औषधांत जात आणि मात्रा ठरलेली असते.

खरा धोका पार्वो या विषाणूजन्य आजाराचा आहे. १९७८ च्या सुमारास हा आजार जगभर पसरला. लस न घेतलेल्या पिल्लांत उलट्या, मलूलपणा आणि दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब ही त्याची लक्षणे. शरीरातील पाणी वेगाने घटते आणि उपचार न मिळाल्यास बहुतांश पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात. वेळेवर सलाइन व अन्य उपचार मिळाल्यास मात्र बरीच वाचतात. या आजारात दही-भाताची वाट पाहण्यात गेलेला एक दिवसही महागात पडतो.

यासाठी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लस सुरू करावी, दर दोन ते चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत ती पुन्हा द्यावी आणि वर्षभराने बूस्टर द्यावा. खेळकर, नीट खाणाऱ्या प्रौढ कुत्र्याचे पोट किंचित बिघडले असेल, तर एखादा दिवस हलके अन्न देऊन वाट पाहण्यास हरकत नाही. पण पिल्लू असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर दह्याची वाटी बाजूला ठेवून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे.