सारमेयाच्या खोडी

महाभारताच्या आदिपर्वात मुख्य कथेला प्रारंभ होण्यापूर्वीच एका कुत्र्याला मार बसतो. जनमेजय राजा कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करीत बसला आहे. तेथे देवशुनी सरमेचा पुत्र येतो आणि राजाचे तिघे भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन, त्याला बडवून काढतात. तो रडत आईकडे जातो. तूच काही आगळीक केली असशील, असे आई म्हणते. त्यावर, मी हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, असे तो सांगतो. सरमा सत्रात येऊन जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही. तेव्हा, निरपराध्याला मारलेत म्हणून तुमच्यावर अकल्पित भय कोसळेल, असा शाप देऊन ती निघून जाते. संस्कृतात कुत्र्याला सारमेय म्हणतात ते या सरमेवरून.

श्रोतेहो, कुत्रा माणसाच्या सहवासात आल्याला दहा हजारांहून पुष्कळ अधिक वर्षे झाली. तरी त्याच्या वागण्याचा अर्थ लावताना आपली अवस्था बहुधा जनमेजयाच्या भावांसारखीच राहिली. तो निजण्यापूर्वी गोल फिरतो, झोपेत पाय झाडतो, गवत खातो, रात्री गळा काढतो. यांतले निरुपद्रवी काय आणि प्राणघातक काय, हे निवडण्यास मनुष्याला दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ लागला. या निवडीत चुका झाल्या तेव्हा कधी कुत्रे मेले, कधी माणसे मेली. तो इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

आपल्याकडे कुत्र्याचे वागणे बारकाईने पाहिले गेले, पण ते प्रथम शकुनासाठी. उज्जयिनीच्या परिसरात इसवी सनाच्या सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत श्वानशकुनांना वाहिलेला एक स्वतंत्र अध्यायच आहे. कुत्र्याने कोठे पाय वर केला, कोणत्या दिशेला तोंड करून तो ओरडला, यांवरून प्रवाशाचे व गावाचे बरेवाईट त्यात सांगितले आहे. निरीक्षण सूक्ष्म आहे, यात संशय नाही. परंतु त्या निरीक्षणाचा विषय कुत्रा नसून माणूस आहे. कुत्र्याला काय होत आहे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. कुत्रे रडले की आळीत कोणी तरी जाणार, ही माळव्यापासून गोमंतकापर्यंत ऐकू येणारी समजूत त्याच वळणाची होय. वास्तविक रात्री गळा काढणे ही लांडग्यांच्या कुळातील दूरवर हाक पोहोचविण्याची रीत आहे. शंखाचा, भोंग्याचा किंवा सनईचा लांबलेला स्वर कानी पडताच कित्येक कुत्री त्याला साथ देतात, ती याच कारणाने. त्यात यमदूताचा संबंध नाही. यमाचे दोन कुत्रे ऋग्वेदात आहेत खरे, आणि त्यांना चार डोळ्यांचे म्हटले आहे. त्या चार डोळ्यांकडे आपल्याला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

कुत्र्याकडे कुत्रा म्हणून पाहणाऱ्यांत ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटल हा अग्रगण्य. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने प्राण्यांविषयी जो ग्रंथ रचला, त्यात कुत्री झोपेत भुंकतात, त्यावरून त्यांनाही स्वप्ने पडत असली पाहिजेत, असे अनुमान केले आहे. पोटात जंत झाले म्हणजे कुत्री शेतातले उभे पीक खातात, अशीही नोंद आहे. हे वाचताना आजही कौतुक वाटते. पण त्याच ग्रंथाच्या उपलब्ध पाठात, पिसाळलेल्या कुत्र्याने ज्या ज्या प्राण्याला चावावे तो पिसाळतो, मनुष्य मात्र नाही, असे एक विधान आहे! एवढ्या मोठ्या माणसाच्या लेखणीतून हे कसे उतरले, यावर विद्वानांनी पुष्कळ काथ्याकूट केला. काहींनी दोष नकलाकारांच्या माथी मारला.

या एका बाबतीत आपल्या सुश्रुताचे पारडे निर्विवाद जड आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याचे चित्र आहे: शेपटी, जबडा आणि खांदे गळालेले, लाळ गळते आहे, कानांना ऐकू येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि तो दुसऱ्यावर धावतो. ज्याला तो चावला तो मनुष्य पुढे त्या प्राण्यासारखे आवाज काढू लागतो; आणि पाण्याच्या दर्शनाने किंवा नुसत्या नावाने जो भितो, तो वाचत नाही. या लक्षणाला जलत्रास असे नाव दिले आहे. उपचार म्हणून दंश पिळून रक्त काढावे आणि तापविलेल्या तुपाने डागावा, असे सांगितले आहे. त्या उपचाराचे आज समर्थन करता येणार नाही. पण एकदा जलत्रास झाला की आशा नाही, हा निर्णय आजच्या रुग्णालयातही जवळजवळ तसाच्या तसा लागू पडतो.

रोमच्या लोकांनी मात्र या विषयात भलताच मार्ग धरला. प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले की, कुत्र्याच्या जिभेत एक बारीक किडा असतो आणि तो पिल्लाच्या जिभेतून काढून टाकला म्हणजे कुत्रा पिसाळत नाही. त्याच काळचा कृषिलेखक कोलुमेला सांगतो की, पिल्लू चाळीस दिवसांचे झाले की त्याच्या शेपटीचा शेंडा तोडून आतील शीर ओढून काढावी, रोग टळतो. जिभेतला हा किडा अगदीच काल्पनिक नव्हता. कुत्र्याच्या जिभेच्या अंगाखाली तंतू, स्नायू व चरबी यांची बनलेली एक बारीक दांडी खरोखरच असते. ती किडा नव्हे, रोगाशी तिचा काडीचाही संबंध नाही. पण कापून पाहिले की ती सापडे, आणि सापडली की समजूत पक्की होई. इंग्लंडातील शिकारी कुत्र्यांच्या रखवालदारांनी ही शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकापर्यंत चालविली. अठराशे वर्षे पिल्लांच्या जिभा चिरल्या गेल्या! चूक नुसती हवेत असती तर इतकी टिकली नसती, असे मला वाटते. तिला बोटांत धरता येण्याजोगा पुरावा होता, म्हणून ती टिकली.

दुसरी समजूत ताऱ्यावर आधारलेली होती. आपण ज्याला व्याध म्हणतो, तो ग्रीक-रोमन लोकांचा श्वानतारा. उन्हाळ्यात तो सूर्याबरोबर उगवू लागला की उष्म्याने कुत्री पिसाळतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. हा रोग वर्षाच्या बाराही महिने होतो, तरी उन्हाळा आला की कुत्र्यांवर काठी उगारावयाची, ही रीत युरोपात रूढ झाली. इंग्रजांच्या अमलात मुंबईतही मोकाट कुत्री मारण्याच्या मुदती ठरलेल्या असत. मारणाऱ्या शिपायांना दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. १८३२ साली ही उन्हाळ्यातली मुदत वाढविण्यात आली, शिपाई बक्षिसाच्या लोभाने घरांच्या आसपास शिरून पाळीव कुत्रीही मारू लागल्याच्या तक्रारी झाल्या, आणि ६ जून रोजी कोटातील पारशी समाज खवळून उठला. पोलिसांवर हल्ले झाले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. मुंबईच्या इतिहासात हा कुत्र्यांचा दंगा म्हणून प्रसिद्ध आहे.

इंग्रज अधिकाऱ्यांना हा सारा प्रकार चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाही. पण पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान काय आहे, हे पाहिले म्हणजे उलगडा होतो. मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा सगदीद नावाचा विधी त्यांच्यात आहे आणि त्यासाठी चार डोळ्यांचा कुत्रा, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, उत्तम मानतात. यमाच्या चतुरक्ष कुत्र्यांचे हे सख्खे भावंडच म्हणावयाचे. त्यांच्या वेंदिदाद या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याला इजा करणाऱ्यासाठी कडक शिक्षा सांगितल्या आहेत. त्याच प्रकरणात एक विलक्षण प्रश्न आहे: जो कुत्रा भुंकत नाही आणि ज्याचे चित्त ठिकाणावर नाही, त्याचे काय करावे? उत्तर असे की, त्याच्या गळ्यात लाकडी लोढणे अडकवून त्याला बांधून ठेवावे, आणि धर्मनिष्ठ माणसाला जसे औषध द्यावे तसे त्यालाही द्यावे.

न भुंकणारा कुत्रा! येथे आपण थोडे थांबू या. भुंकणारा कुत्रा चावत नाही, अशी म्हण आपण सहज वापरतो. पण न भुंकणाऱ्याचे भय फारच थोड्यांना ठाऊक असते. पिसाळण्याचे दोन प्रकार आहेत. एक सर्वांच्या परिचयाचा, धावून चावणारा. दुसरा मुका. त्यात कुत्रा कोपऱ्यात बसून राहतो, आवाज बदलतो किंवा बंद होतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, बिचाऱ्याच्या घशात हाड अडकले. घरातला मायाळू मनुष्य तोंडात हात घालून हाड शोधू लागतो आणि हातावरच्या एखाद्या ओरखड्यातून लाळ आत शिरते. क्षुल्लक तक्रार समजून केलेल्या या शुश्रूषेने जगभर माणसे मेली आहेत. प्रत्येक मुका कुत्रा पिसाळलेला नसतो, हाडही कधी खरोखर अडकते. पण ते पाहण्याचे काम पशुवैद्याचे.

पुढचा टप्पा आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो भराभर सांगतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचण्यास प्रारंभ केला आणि तो वाचला. १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून लस सिद्ध केली. पोटात घ्यावयाच्या चौदा सुयांची जी दहशत आपल्या वाडवडिलांच्या मनात होती, ती या लशीची. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतात तिचे उत्पादन थांबले. आजची लस दंडात थोड्याच मात्रांत देतात.

रोगाचे कोडे असे सुटत असतानाच खोडींचेही कोडे सुटू लागले. चार्ल्स डार्विनने १८७२ साली मनुष्य व प्राणी यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने गालिच्यावर निजण्यापूर्वी गोल फिरून पंजांनी जमीन उकरणारा कुत्रा दाखविला आहे. रानात गवत तुडवून गादी करण्याची पूर्वजांची सवय येथे निष्कारण शिल्लक राहिली, असे त्याचे म्हणणे. पाठीवर काठीने खाजविले की कुत्रा मागील पायाने हवेतच खाजवू लागतो, हेही त्याने टिपले. त्याची टेरियर कुत्री तर अशा वेळी हवाच चाटीत असे. या हवेतल्या खाजविण्याचा छडा पुढे चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने लावला. मानेत मज्जारज्जू तोडून मेंदूशी संबंध नाहीसा केलेल्या कुत्र्यातही, पाठीवरच्या खोगिरासारख्या प्रदेशाला स्पर्श होताच पाय सेकंदाला चार-पाच वेळा हलू लागतो. म्हणजे ही क्रिया मज्जारज्जूची. तिच्यासाठी कुत्र्याच्या इच्छेचीही गरज नाही. हे प्रयोग निष्ठुर होते, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्या मज्जासंस्थेचे पुष्कळसे ज्ञानही त्यांतूनच निघाले. शेरिंग्टनला १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अरिस्टॉटलच्या स्वप्नांनाही पुष्टी मिळाली. डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रा १९५३ साली प्रथम माणसात ओळखली गेली आणि पुढे इतर सस्तन प्राण्यांत, कुत्र्यांतही, आढळली. पाय झाडणाऱ्या कुत्र्याला फेफरे आले असे समजून गदागदा हलवू नये. हाक मारली की तो जागा होतो, आणि फेफऱ्यात होत नाही. गवताच्या बाबतीत मात्र ग्रीक गुरूला थोडा छेद द्यावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००८ साली पंधराशेहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती प्रसिद्ध केली. गवत खाण्यापूर्वी कुत्रा वारंवार आजारी दिसतो असे म्हणणारे शेकडा ८ निघाले, आणि खाल्ल्यावर नियमाने ओकतो असे सांगणारे शेकडा २२. बहुतेकांच्या बाबतीत ती वन्य पूर्वजांपासून आलेली साधी सवय ठरते. जंतांचा संबंध असलाच तर त्या पूर्वजांच्या काळात.

नाक कोरडे म्हणजे ताप, ही समजूतही अशीच सोडावयाची. कुत्र्याचे स्वाभाविक उष्णमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणून आपल्या हाताला तो नेहमीच कढत लागतो. जमिनीवर बूड घासत चालणारा कुत्रा पाहून आपण जंतांचे औषध पाजतो. पुष्कळदा गुदद्वाराशेजारच्या दोन पिशव्या तुंबलेल्या असतात. मान ताणून घुर्रघुर्र करीत श्वास आत ओढणे, ही उलटी शिंक, क्षणभरात थांबते. कान सतत झाडणे मात्र दुर्लक्षू नये, आत गोचीड किंवा पू असू शकतो.

गोव्यात २०१४ सालापासून सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून कुत्र्यांना सामुदायिक लस टोचण्याची मोहीम हाती घेतली. जाळी घेऊन गावोगाव फिरणारी पथके, टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण, आणि शाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे याचे पाठ, अशी तिची रचना. मागील तीन वर्षांत या रोगाने एकही माणूस दगावला नाही, असे गोवा सरकारने २०२१ साली जाहीर केले. कुत्री मारून हे साधले नाही. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, मिरची किंवा चुना मात्र जखमेवर लावू नये.