विलार्डबाईंची सायकल

अमेरिकेतील फ्रान्सेस विलार्ड यांचा जन्म १८३९ चा. बालपण विस्कॉन्सिनमधील शेतावर हुंदडण्यात गेले. सोळाव्या वर्षी केस बांधले, पायघोळ झगा अंगावर चढला आणि ते हुंदडणे सुटले. (आपल्याकडे लुगडे नेसू लागलेल्या मुलीचे याहून वेगळे काय होत असे?) १८७९ त त्या दारूबंदीसाठी झटणाऱ्या तेथील मोठ्या स्त्रीसंघटनेच्या अध्यक्षा झाल्या. सभा, व्याख्याने, प्रवास यांत प्रकृती खालावली. १८९२ त आई वारली. त्यानंतर, वयाच्या ५३ व्या वर्षी, बाईंनी सायकल शिकावयास घेतली. सुटलेला मोकळेपणा त्यांना पुन्हा हवा होता.

उंच चाकाची जुनी सायकल झगा घालून चालविणे कठीणच. १८८५ च्या सुमारास जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीची सायकल निघाली, म्हणून हे साधले. आरंभी माणसे सायकल धरून ठेवीत. रोज दहा-पंधरा मिनिटे, असे सुमारे तीन महिने लागले. सायकलीचे नाव ठेवले ग्लॅडिस! लोक हसतील, हे का त्यांना ठाऊक नव्हते? पण हजारो बायका ज्यांच्याकडे पाहत होत्या, त्या अध्यक्षाबाईच सायकलीवर बसल्या. १८९५ त त्यांनी या शिक्षणावर छोटेसे पुस्तक लिहिले. त्यात आपले वय त्यांनी लपविले नाही.