उन्हाचा भाव

बार्बाडोस हे नाव मराठी घरात आले ते क्रिकेटचे बोट धरून. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तीन ‘डब्ल्यू’ याच बेटावरचे. गॅरी सोबर्सही इथलाच. १९६२ च्या मार्च महिन्यात ब्रिजटाऊनच्या मैदानावर ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर जायबंदी झाला, तेव्हा वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल त्याच्यासाठी रक्त द्यावयास धावून आला. आपल्या चंदू बोर्ड्यांनी आणि बापू नाडकर्ण्यांनीही रक्त दिले. पुढे २९ जून २०२४ रोजी त्याच केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माच्या संघाने विश्वचषक उचलला, आणि मागोमाग आलेल्या वादळामुळे आपले वीर दोन-चार दिवस त्या बेटावर अडकूनही पडले.

परंतु मला आज त्या बेटावरील खेळपट्टीविषयी लिहावयाचे नाही; घरांच्या छपरांविषयी लिहावयाचे आहे. मी पेशाने शाळामास्तर आहे. दूरच्या एखाद्या देशाचे नाव कानी पडले की तेथे काय पिकते, काय विकते आणि माणसे पोट कशावर भरतात, हे शोधल्यावाचून मला चैन पडत नाही. बार्बाडोसचा असा शोध घेता घेता एक इतिहास हाती लागला. तो आहे उन्हाच्या बाजाराचा.

ऊन आणि बाजार! वाचकहो, हे दोन शब्द शेजारी पाहून आपणांस हसू येईल. जे आकाशातून फुकट सांडते, त्याचा बाजार कसला? नेमका हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचे उत्तर वाटले तितके सोपे नाही.

नकाशावर हे बेट शोधावयाचे तर दृष्टी तीक्ष्ण हवी. क्षेत्रफळ जेमतेम ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षाही कमी. वस्ती तीन लाखांच्या आत. विषुववृत्ताच्या उत्तरेस तेरा अंशांवर, म्हणजे साधारण आपल्या बेंगळुरू-चेन्नईच्या रेषेत हे बेट येते. तेव्हा तेथे उन्हाला तोटा नाही. वर पूर्वेकडून अटलांटिकचा व्यापारी वारा बारा महिने वाहत असतो. ऊन आणि वारा या दोन गोष्टी निसर्गाने त्या चिमुकल्या भूमीला सढळ हाताने दिल्या. बेटाच्या पोटात थोडेसे खनिज तेल आणि वायूही आहे. परंतु त्याने बेटाची गरज भागत नाही.

या देणगीपैकी वाऱ्याला पहिली गिऱ्हाइके मिळाली. १६२७ साली इंग्रज तेथे वसले, आणि १६४० नंतरच्या काही वर्षांत सारे बेट उसाखाली गेले. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर रस आंबतो, हे आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. बार्बाडोसच्या मळेवाल्यांनी चरकाला जुंपला तो वारा. ऐन भरभराटीच्या काळात त्या एवढ्याशा बेटावर पवनचक्क्यांची संख्या पाचशेच्या आसपास पोहोचली होती. सेंट अँड्र्यू परगण्यातील मॉर्गन लुईसची दगडी चक्की आजही तेथे उभी आहे. १९४७ च्या सुमारास तिचे गाळप थांबले आणि पुढे ती स्मारक म्हणून जतन करण्यात आली.

वारा फुकट होता, पण चक्की मळेवाल्याची होती. त्या चक्कीत ऊस सारणारे हात गुलामांचे होते. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या त्या माणसांना १८३४ साली कायद्याने मुक्ती मिळाली, आणि ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली चाललेली वेठ १८३८ साली संपली. तोवर दोनशे वर्षे निसर्गाच्या फुकट शक्तीवर मूठभर घराण्यांची तिजोरी भरत राहिली. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. शक्ती फुकट असली म्हणून तिचे फळ सर्वांच्या पदरात पडतेच असे नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे, यावर सारे अवलंबून असते. उन्हाचा इतिहासही याच कसोटीवर पाहावयास हवा.

१९६६ च्या ३० नोव्हेंबरला बार्बाडोस स्वतंत्र झाले. त्या वेळी पवनचक्क्या गेल्या होत्या आणि त्यांची जागा परदेशी तेलाने घेतली होती. वीज तेलावर, मोटारी तेलावर. नवीन राष्ट्र साखर विकून आणि पाहुण्यांची सरबराई करून जे परकी चलन मिळवी, त्यातील मोठा हिस्सा या तेलापायी जाई. अशात १९७३ चा ऑक्टोबर उजाडला. अरब-इस्रायल युद्ध पेटले, आणि काही महिन्यांतच पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. मोठ्या देशांना चटका बसला. लहान बेटांना तर पोळलेच.

याच सुमारास बार्बाडोसमध्ये अँड्र्यू हॅच नावाचे एक धर्मोपदेशक उन्हावर पाणी तापवण्याची खटपट करीत होते. कॅरिबियन बेटांत विकासाचे काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेशी त्यांचा संबंध होता. त्यांच्या खटपटीतून स्फूर्ती घेऊन जेम्स हझबंड्स या तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी ‘सोलर डायनॅमिक्स’ नावाची कंपनी काढली. भांडवल तुटपुंजे होते आणि माल लोकांनी कधी न पाहिलेला.

हा माल म्हणजे काय होता? आपल्याकडील जुना तांब्याचा बंब आठवा. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी ज्यात गोवऱ्या आणि लाकडे सारून आई डोळे चोळीत बसे, तोच. या बंबातील विस्तव काढून टाका आणि त्याच्या जागी ऊन घाला, की झाला सौरबंब. काचेचे झाकण असलेली एक पसरट पेटी, आत काळा रंग दिलेला पत्रा, त्या पत्र्याला जोडलेल्या नळ्या, आणि पेटीच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी. ऊन काचेतून आत शिरते आणि काळ्या पत्र्यात मुरते. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते, गार पाणी खाली येते. पंप नको, वीज नको, विस्तव नको. टाकीला बाहेरून ऊब धरणारे अस्तर असल्यामुळे रात्रीही पाणी कढत मिळते.

आता कोणी विचारील, की ज्या बेटावर घाम पुसता पुसता दिवस जातो तेथे गरम पाणी हवे कशाला? परंतु पाहुण्यांची हॉटेले वाढत होती, नव्या मध्यमवर्गाची नवी घरे उठत होती, आणि त्या घरांत गॅसचे नाही तर विजेचे बंब बसत होते. म्हणजे जो पैसा तेलाच्या जहाजावर जाई, त्यातील काही भाग आंघोळीच्या पाण्यातून वाहून जात होता!

असे असूनही सौरबंब आपण होऊन खपला नाही. याचे कारण फार साधे आहे आणि ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. विजेचा बंब आज स्वस्तात मिळतो आणि त्याची किंमत पुढे महिन्यामहिन्याच्या बिलातून नकळत वसूल होते. सौरबंबाचे नेमके उलट. पुढली कित्येक वर्षे तो फुकट पाणी तापवतो, पण त्या साऱ्या वर्षांची किंमत पहिल्याच दिवशी रोख मागतो. गरीब माणूस महाग वस्तू हप्त्याहप्त्याने घेतो, कारण स्वस्त वस्तू एकदम घेण्याइतके पैसे त्याच्या गाठी नसतात. ऊन फुकट आहे. महाग आहे ती पहिली पायरी.

ही पायरी उतरती करण्याचे काम सरकारने केले. १९७४ च्या कायद्याने सौरबंबाच्या कच्च्या मालावरील जकात माफ झाली, आणि विजेच्या बंबांवर मात्र शेकडा ३० कर बसला. एका हाताने ओढावयाचे आणि दुसऱ्या हाताने ढकलावयाचे, असा हा दुहेरी डाव होता. पुढे १९७६ साली टॉम अ‍ॅडम्स पंतप्रधान झाले. त्यांनी आपल्या घरावर एक सौरबंब बसवून घेतला आणि गॅसचे बिल एकदम खाली आलेले पाहून ते त्याचे पुरस्कर्ते झाले, असे सांगतात. राज्यकर्त्याला एखादी योजना अहवालातून जितकी पटत नाही, तितकी ती घरच्या बिलातून पटते! सरकारने बांधलेल्या घरांवर सौरबंब चढले. सौरबंबाचा खर्च प्राप्तिकरातून वजा मिळू लागला. सोलर डायनॅमिक्सला ‘सनपॉवर’ आणि ‘अ‍ॅक्वासोल’ या कंपन्या प्रतिस्पर्धी म्हणून उभ्या राहिल्या. तिघींच्या चुरशीत मालही सुधारला.

परंतु बाजाराची खरी परीक्षा सुकाळात होत नाही. १९९१ साली बार्बाडोसची गंगाजळी आटली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे धाव घ्यावी लागली आणि सरकारी नोकरांचे पगार शेकडा ८ नी कापले गेले. मी स्वतः पगारदार मास्तर असल्यामुळे ही ओळ वाचताना माझ्या पोटात गोळा आला. या ओढगस्तीत सौरबंबावरील प्राप्तिकराची सूट काही वर्षे थांबवण्यात आली, आणि विक्री उतरली. १९९६ साली सूट परत आली, तशी विक्री पुन्हा वर चढली. ऊन तर या सर्व वर्षांत सारखेच पडत होते! मग उतरले काय आणि चढले काय? पहिल्या पायरीची उंची, एवढेच. २००२ पर्यंत बेटावर पस्तीस हजारांहून अधिक सौरबंब बसले होते. ज्या देशात एकंदर घरे लाखाच्या आत, तेथे हा आकडा केवढा मोठा, हे मुलेही सांगतील.

या इतिहासाचा दुसरा अध्याय विजेचा आहे, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. सौरबंबातील पाणी ज्याचे त्याने वापरावयाचे असते. शेजाऱ्याला विकावयाचे नसते. छपरावर वीज करणाऱ्या तावदानांचे तसे नाही. दुपारी घरात माणसे नसतात तेव्हा वीज भरपूर तयार होते. ती कोणाला तरी दिली पाहिजे. आणि बार्बाडोसमध्ये घेणारा एकच. ‘बार्बाडोस लाइट अँड पॉवर’ ही कंपनी साऱ्या बेटाला वीज पुरवते. ती आज कॅनडातील एमेरा उद्योगाच्या मालकीची आहे. जेथे विकणारे हजार आणि घेणारा एक, तेथे भाव कोण ठरवणार?

२०१० साली या कंपनीने प्रयोग म्हणून घरोघरची सौरवीज घेण्यास प्रारंभ केला. तीत एक मौज होती. छपरावरील विजेचा मोबदला तेलाच्या खर्चाशी बांधलेला होता. तेल महागले की उन्हाचा भाव वर, तेल उतरले की उन्हाचाही भाव खाली! २०१४ नंतर जगात तेल कोसळले, तेव्हा ज्यांनी कर्ज काढून छपरे सजवली होती त्यांच्या हिशेबाला ओहोटी लागली. तेलाच्या दास्यातून सुटण्यासाठी आणलेले ऊन तेलाच्याच दावणीला बांधलेले राहिले. अखेर २०१९ पासून ‘फेअर ट्रेडिंग कमिशन’ या सरकारी नियामकाने सौरविजेचे स्वतंत्र, ठरावीक दर जाहीर केले. त्याच वर्षीच्या ऊर्जा धोरणात २०३० पर्यंत देशाची सारी गरज नैसर्गिक शक्तींवर भागवण्याचे उद्दिष्ट लिहिले गेले. वीज कंपनीनेही सेंट लूसी परगण्यात दहा मेगावॅटचे सौरशेत २०१६ साली उभारले होते.

उद्दिष्ट लिहिणे सोपे असते. लहान बेटाला शेजारच्या प्रांतातून वीज उसनी घेता येत नाही, भोवती समुद्र. एक मोठा ढग आला तर साऱ्या बेटावर एकदम सावली पडावयाची. म्हणून दुपारची वीज रात्रीसाठी साठवणाऱ्या बॅटऱ्या हव्यात, आणि त्यांना पुन्हा ती पहिली महाग पायरी आलीच. शिवाय वादळे आहेत. २०२१ च्या जुलैत एल्सा वादळाने बेटावरील कितीतरी घरांची छपरे उडवली. जेथे छप्परच टिकण्याची शाश्वती नाही, तेथे छपरावर कर्ज काढून तावदाने कोण बसवील? आणि ज्याला स्वतःचे छप्परच नाही, त्या भाडेकऱ्याच्या वाट्याला या उन्हातील काय येणार?

मला या प्रश्नात पवनचक्कीचा जुना प्रश्न ऐकू येतो. पूर्वी वारा सर्वांचा होता आणि चक्की थोड्यांची. सौरबंबाने हे गणित प्रथमच पालटले. मास्तर, कारकून, कोळी यांच्या छपरावर स्वतःच्या मालकीचे छोटे यंत्र आले, आणि ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्याची चक्की चालवली त्यांच्या घरात स्वतःच्या उन्हाचे पाणी आले. हे आपोआप घडले नाही. एका धर्मोपदेशकाची खटपट, एका तरुणाची चिकाटी, आणि गरिबाला पहिली पायरी का चढवत नाही हे ओळखणारा एक कायदा, एवढ्या गोष्टी त्यासाठी जमून याव्या लागल्या. विजेच्या बाबतीत तसे होईल, की मोठी सौरशेते थोड्यांची आणि बिल साऱ्यांचे असा जुनाच खेळ नव्या यंत्रावर रंगेल, याचा निकाल अजून लागावयाचा आहे. सूर्याचा त्यात काही हात नाही. तो आपला माल तोलून देत नाही, उधारीही मागत नाही. भाव लावतात ती माणसे.