एडिटरमधील दृश्य आणि अंतिम बिल्ड : एका विसंगतीचा इतिहास

संगणकीय खेळ घडविणाऱ्यांच्या व्यवहारात एक तक्रार वारंवार ऐकू येते. एडिटरमध्ये जे दृश्य मनासारखे जुळले होते ते तयार बिल्डमध्ये तसे दिसत नाही. सावल्या नाहीशा होतात, रंग फिके पडतात, क्वचित एखादी वस्तू भडक गुलाबी होऊन बसते. एडिटरमधील चित्र हे मूळ व बिल्डमधील चित्र हा त्याचा अपभ्रंश, असे या तक्रारीत गृहीत धरलेले असते. दोष कोठे शोधावयाचा हे या गृहीतावरूनच ठरत असल्यामुळे त्याची ऐतिहासिक छाननी अगत्याची वाटते.

इड सॉफ्टवेअर या अमेरिकन संस्थेचा ‘डूम’ हा खेळ १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नकाशे नेक्स्टस्टेप प्रणालीच्या संगणकांवर ‘डूमएड’ या एडिटरमध्ये तयार होत. खेळ मात्र डॉसवर चालणाऱ्या सामान्य संगणकांसाठी होता. एडिटर नकाशा वरून पाहिल्याप्रमाणे केवळ रेषांनी दाखवी. खेळाचे चित्र ३२० × २०० बिंदूंचे असून ते ४ : ३ प्रमाणाच्या पडद्यावर पसरले जाई, त्यामुळे प्रत्येक बिंदू रुंदीच्या १.२ पट उंच होई. चौरस बिंदूंच्या पडद्यावर तीच आकृती बुटकी दिसते. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये तर भिंतींवरील प्रकाश ‘लाइट’ नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम आगाऊ मोजून ठेवी. नकाशाकाराने दिवे मांडावेत, गणित पुरे होईपर्यंत थांबावे आणि मग खेळात जाऊन उजेड पाहावा, अशी रीत होती. एडिटर व खेळ यांतील हे अंतर कोणी दोष मानीत नसे, कारण एडिटरने सारखेपणाचे आश्वासन दिलेलेच नव्हते.

ते आश्वासन १९९८ च्या ‘अनरियल’बरोबर ठळकपणे पुढे आले. त्याचा एडिटर खेळाच्याच इंजिनातून दालने रंगवून दाखवी. २००५ साली प्रथम मॅकिंटॉशसाठी निघालेल्या ‘युनिटी’त एडिटर न सोडता खेळ चालवून पाहण्याची सोय होती. सोय मोठीच, पण साम्य जितके वाढले तितके उरलेले भेद नजरेआड गेले, हेही नमूद केले पाहिजे.

या भेदांत रंगाचा प्रश्न सर्वांत बोधप्रद आहे. पडद्याला दिलेला आकडा आणि त्यातून निघणारा प्रकाश यांचे प्रमाण सरळ नसते. २५५ पैकी १२८ हा आकडा दिल्यास, १९९६ साली ह्युलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेल्या एसआरजीबी मानकानुसार, पूर्ण प्रकाशाच्या अवघा सुमारे २२ टक्के प्रकाश मिळतो. निम्म्या प्रकाशासाठी १८८ च्या आसपास जावे लागते. दोन दिव्यांचा उजेड या आकड्यांतच मिळविला तर बेरीज चुकते आणि उजळ भाग अकाली पांढरे पडतात. त्यातच मॅकिंटॉशचे प्रचलित गॅमा मूल्य २००९ पर्यंत १.८ होते, तर इतरत्र २.२ रूढ होते. म्हणजे एकच फाईल दोन मेजांवर दोन तऱ्हांनी दिसे. युनिटीने २०१२ मध्ये प्रकाशाची बेरीज रेषीय मूल्यांत करण्याचा पर्याय दिला, पण मोबाइल उपकरणांपर्यंत तो पोहोचण्यास आणखी काही वर्षे लागली. दरम्यान संगणकावर जुळविलेला उजेड फोनवर निराळ्या हिशेबाने मोजला जात असेल, तर कलावंताच्या डोळ्यांस दोष देण्यात काय अर्थ?

गुलाबी वस्तूची कथा निराळी. एडिटरजवळ प्रकल्पातील सर्व शेडर हाताशी असतात. बिल्डमध्ये मात्र आकार आटोक्यात राहावा म्हणून दृश्यांनी प्रत्यक्ष संदर्भिलेले तेवढेच घेतले जातात. चालू खेळात केवळ नावाने हाक मारलेला शेडर तेथे सापडत नाही. गुलाबी रंग निदान प्रामाणिक म्हणावा. शेडरचा धुक्याचा प्रकार गाळला गेला तर धुके मुकाट्याने नाहीसे होते, आणि हे अधिक घातक. शिवाय चित्राच्या गुणवत्तेची पातळी प्रत्येक उपकरणप्रकारासाठी वेगळी ठरविलेली असते. सावल्यांच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तेथेच आढळते.

म्हणून तपासाचा आरंभ बिल्डपासून व्हावा. एडिटर बिल्डच्याच गुणवत्ता-पातळीवर व ग्राफिक्स प्रणालीवर आणावा, बिल्डची नोंदवही वाचावी, आणि तरीही भेद उरल्यास ‘रेंडरडॉक’सारख्या साधनाने दोन्हीकडील एकेक फ्रेम टिपून रेखाटनाच्या आज्ञा क्रमाने ताडून पाहाव्यात. दोन पोथ्यांचे पाठ जुळविताना ज्या ओळीशी त्या प्रथम फुटतात तेथे अभ्यासक थांबतो. येथेही जी आज्ञा प्रथम वेगळे चित्र देते तेथेच थांबावयाचे असते.

खेळांच्या इतिहासकारालाही हा प्रश्न टाळता येत नाही. ‘डूम’चा मूळ सोर्स १९९७ साली खुला झाल्यावर त्याची अनेक रूपांतरे निघाली, आणि त्यांपैकी काहींत ती १.२ पट उंची सुटून गेली. आकृतींच्या फायलींत एकही बिंदू बदललेला नव्हता. तरी १९९३ च्या खेळाडूने पाहिलेले राक्षस त्या पडद्यांवर उभे राहिले नाहीत.